सुई टोचल्यापासून पहिले दोन तास : हार्ट फेल्युअरच्या मायक्रो-आरएनए अभ्यासासाठी रक्ताचा नमुना कसा घ्यावा, कसा सांभाळावा

सेंट्रिफ्यूजमधून ट्यूब काढली की मी ती आधी खिडकीपाशी नेते. ट्यूबलाइटच्या उजेडात फसगत होते. वरचा प्लाझ्मा (पेशी खाली बसल्यावर उरणारा रक्ताचा पातळ भाग) भाताच्या ताज्या पेंढ्यासारखा पिवळसर दिसला तर पुढचं काम सुरू. कोकम सरबतात कुणी पाणी जास्त ओतल्यासारखी गुलाबी झाक आली असेल, म्हणजे लाल पेशी फुटल्या असतील, तर मायक्रो-आरएनएच्या दृष्टीने तो नमुना गेला. पुढचं मशिन मग कितीही महागडं असो.

हा लेख त्या ट्यूबबद्दल आहे. लॅबमध्ये काम करणाऱ्या, एमएलटी किंवा एम.एस्सी. करणाऱ्या आणि एखाद्या संशोधन प्रकल्पासाठी तालुक्याच्या गावातून नमुने पाठवण्याची जबाबदारी अंगावर पडलेल्या मंडळींसाठी तो लिहिलाय. सिंधुदुर्गातल्या एका लहान लॅबमध्ये मी हे चुका करतच शिकले. माझं मत सरळ आहे : या तपासणीचा निकाल पीसीआर मशिनमध्ये (आरएनएच्या प्रती वाढवून मोजणारं यंत्र) लागतो असं आपण समजतो, पण तो खरा ठरतो सुई टोचल्यापासूनच्या पहिल्या दोन तासांत.

आधी, मोजायचं काय ते

मायक्रो-आरएनए म्हणजे साधारण २२ न्यूक्लिओटाइडांचे आरएनएचे बारीक तुकडे. त्यांच्यापासून प्रोटीन बनत नाही. ते मेसेंजर आरएनएला चिकटतात आणि त्याचं काम दाबतात. १९९३ मध्ये व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रव्हकुन यांच्या गटांनी सी. एलेगन्स नावाच्या जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या कृमीवर काम करताना हा प्रकार उजेडात आणला. त्याबद्दल दोघांना २०२४ चं नोबेल मिळालं. त्या कृमीची आठवण ठेवा, पीसीआरच्या वेळी तो परत भेटणार आहे.

आरएनए रक्तात उघडा पडला की रक्तातली एन्झाइमं त्याचा फडशा पाडतात. तरीही मायक्रो-आरएनए प्लाझ्मात टिकून राहतात, हे २००८ च्या सुमारास पक्कं झालं. कारण ते एकटे फिरत नाहीत. काही आर्गोनॉट नावाच्या प्रोटीनला धरून असतात, काही पेशींनी बाहेर सोडलेल्या सूक्ष्म पिशव्यांमध्ये, तर थोडे एचडीएलवर (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल वाहणारे कण) बसून फिरतात. मग कल्पना निघाली की हृदयाचा स्नायू थकला, ताणला गेला, त्यात तंतू वाढले, तर त्याची खबर रक्तातल्या या तुकड्यांवरून लागेल का?

२०१० मध्ये ॲमस्टरडॅमच्या एका गटाने मिर-४२३-५पी हा मायक्रो-आरएनए हार्ट फेल्युअरमध्ये वाढलेला दाखवला. त्यांनी तुलना फक्त धडधाकट माणसांशी केली नव्हती. दम लागतो पण कारण हृदय नाही, अशा रुग्णांशीही केली होती, आणि ते महत्त्वाचं. पुढच्या काही अभ्यासांत मात्र हा फरक तसाच दिसला नाही. या क्षेत्राचं हे जुनं दुखणं आहे : एका गावचा निकाल दुसऱ्या गावात टिकत नाही. त्यातला मोठा वाटा नमुना हाताळण्याचा आहे.

दुसरी अडचण अवयवाची. मिर-२०८ए बहुतांशी हृदयाच्या स्नायूचाच, कारण तो हृदयातल्या मायोसिनच्या जनुकातच दडलेला असतो. पण तो रक्तात इतका कमी असतो की बऱ्याचदा सापडतच नाही. मिर-१ आणि मिर-१३३ए सापडतात, पण ते हातापायांच्या स्नायूंतही भरपूर आहेत. पहाटे रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मासेमारीचं मोठं जाळं) ओढून आलेल्या माणसाचं रक्त दहा वाजता घेतलंत आणि मिर-१३३ए वाढलेला दिसला, तर तो हृदयाचा की दंडाचा? म्हणून माझ्या फॉर्मवर ‘आदल्या २४ तासांत जड काम’ अशी ओळ आहे. शहरातून आलेल्या फॉर्मवर ती नव्हती, मी हाताने घातली.

रुग्णाला आज काय सांगायचं

हे आधी, कारण गैरसमज इथेच होतो. हार्ट फेल्युअरच्या निदानासाठी मायक्रो-आरएनएची तपासणी उपचारांच्या मार्गदर्शक तत्त्वांत नाही. कुणी तिच्या नावावर पैसे मागत असेल तर देऊ नयेत. दम लागणं, पायाला सूज, रात्री उशा वाढवाव्या लागणं, अशी लक्षणं असतील तर ईसीजी, एनटी-प्रोबीएनपी (ताणलेल्या हृदयातून रक्तात येणारा घटक मोजणारी तपासणी) आणि टूडी इको हाच रस्ता. ओपीडीत सावकाश वाढलेल्या त्रासात एनटी-प्रोबीएनपी १२५ पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली असेल तर हार्ट फेल्युअरची शक्यता फार कमी. अचानक दम लागून आलेल्यात हीच हद्द ३०० ची. वय, किडनीचा आजार आणि एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे अनियमित ठोके) यांनी आकडा वर जातो, लठ्ठपणात खाली राहतो. सॅक्युबिट्रिल (हार्ट फेल्युअरचं एक औषध) असलेली गोळी चालू असेल तर साधा बीएनपी, म्हणजे त्याच जातीची दुसरी तपासणी, फसवतो, एनटी-प्रोबीएनपी नाही.

आमच्याकडे एक आजोबा यायचे. दुसऱ्यांदा बोलावलं तेव्हा खुर्चीत बसतानाच म्हणाले, “रगात परत कित्याक काढतंस गो? काल तर काढलंस.” मी सांगितलं, “आजोबा, कालचं तुमच्या उपचारासाठी होतं. आजचं अभ्यासासाठी. याचा तुम्हाला लगेच फायदा नाही, नको म्हणालात तरी औषधपाणी तसंच चालू राहील.” ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग बाही वर केली. संमतिपत्रावर सही घेण्याआधी एवढं बोलणं झालंच पाहिजे, तेही त्यांना कळेल अशा भाषेत. एथिक्स कमिटीची मंजुरी नसताना एकही ट्यूब भरायची नाही, हे वेगळं सांगायला नको.

पायरी पहिली : कुणाचं रक्त, कधी

तुलनेसाठी कॉलेजातली पोरं गोळा करू नका. ७० वर्षांच्या हार्ट फेल्युअरच्या रुग्णाशी २० वर्षांच्या पोराची तुलना केली तर वयच मोजलं जातं. त्याच वयाचे, दम लागणारे पण इको व्यवस्थित असलेले, म्हणजे दमेकरी किंवा बिडीमुळे फुप्फुस गेलेले रुग्ण हे खरे जोडीदार. इकोवरचा इजेक्शन फ्रॅक्शन (दर ठोक्याला हृदयाचा डावा कप्पा आपल्यातलं किती टक्के रक्त बाहेर फेकतो) लिहून घ्या : ४० टक्के किंवा कमी, ४१ ते ४९, आणि ५० किंवा जास्त, असे तीन गट पडतात आणि त्यांचे आजार आतून वेगळे आहेत.

औषधांची यादी पूर्ण हवी. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल यांनी प्लेटलेटमधून येणारे मिर-२२३, मिर-१२६ यांसारखे मायक्रो-आरएनए खाली येतात, आणि हृदयरोग्यांपैकी पुष्कळजण याच गोळ्या घेतात. हेपरिनचं (रक्त गोठू न देणारं औषध) इंजेक्शन झालं असेल तर थांबा. ते पीसीआरच बंद पाडतं. ॲंजिओग्राफीला जाणाऱ्याचं रक्त कॅथ लॅबच्या आधी घ्यायचं, तिथे हेपरिन देतात.

पावसाळ्यात तापाच्या रुग्णाला या अभ्यासात घेऊ नये, असं मी ठामपणे म्हणते. जुलै-ऑगस्टमध्ये भातलावणी करून आलेल्याला लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, चिखलपाण्यातून होणारा ताप) असू शकतो, आणि लेप्टोत स्नायू आणि यकृत दोन्ही दुखावतात. यकृताचा मिर-१२२ तशा वेळी हलला तर त्यात हृदयाचा काय दोष?

वेळ सकाळची, उपाशीपोटी. घावणे-चहा आटपून आलेल्याचा प्लाझ्मा दुधाळ दिसतो आणि पुढची रंगाची तपासणी बिघडवतो.

पायरी दुसरी : सुई

इथे मी जास्त वेळ घेणार आहे.

जांभळ्या टोपणाची ईडीटीए ट्यूब. हिरव्या टोपणाची हेपरिनची नको, कारण वर आलंच. साधी सीरमची ट्यूबही मी टाळते : रक्त गोठताना प्लेटलेट आपल्या पोटातला ऐवज बाहेर ओततात आणि तोच मोजला जातो.

सुई २१ गेजची. बारीक सुईतून रक्त ओढलं की लाल पेशी फुटतात. दंडाला पट्टा बांधून एका मिनिटाच्या आत सोडायचा. मूठ आवळ-सोड करायला सांगू नका, शिरेवर टपल्या मारू नका. स्पिरिट वाळू द्या. ओल्या कातडीतून सुई घातली की तेवढंही पेशी फोडायला पुरतं. पहिले दोन-तीन मिलिलिटर दुसऱ्या ट्यूबमध्ये, म्हणजे सुईबरोबर आलेल्या कातडीच्या पेशी आपल्या ट्यूबमध्ये येत नाहीत. सलाइन चालू असलेला हात नको, आणि कॅन्युलातून तर नकोच. ट्यूब भरली की आठ-दहा वेळा हळुवार उलटी-सुलटी करायची. हलवायची नाही. ताक घुसळणं आणि हे यात फरक आहे.

माझी चूक सांगते. एकदा व्हॅक्युम ट्यूबांचे होल्डर संपले. मी सिरिंजने रक्त काढलं आणि सुई न काढता, टोपणातून ट्यूबमध्ये दट्ट्याने ढकललं. त्या सकाळचे सगळे नमुने गुलाबी निघाले. रुग्ण लांबच्या वाड्यांतून एसटीने आले होते. त्यांना परत बोलावण्याचं तोंड नव्हतं. त्या दिवसापासून होल्डर संपले की काम बंद.

सुजलेल्या रुग्णाची शीर सापडत नाही, हे रोजचंच. दोनदा टोचून मिळालं नाही तर तिसऱ्यांदा अभ्यासासाठी टोचू नये. माणूस आधीच दमलेला असतो.

पायरी तिसरी : दोन तास आणि दोन फेऱ्या

ट्यूब उभी ठेवा, १८ ते २५ अंशांत. फ्रीजमध्ये नको, बर्फात तर नकोच. थंडीने प्लेटलेट चेततात. आपल्याकडे ‘रक्त आहे ना, मग ठेव फ्रीजात’ ही सवय हाडीमाशी भिनली आहे, ती इथे मोडायची. उलट मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेली ट्यूब शिजतेच. खड्ड्यांच्या रस्त्यावरून रिक्षाने आणलेल्या ट्यूबमध्ये नुसत्या हिसक्यांनी पेशी फुटतात. म्हणून रुग्णाला लॅबपर्यंत आणावं किंवा सेंट्रिफ्यूज रुग्णापर्यंत न्यावं. ट्यूबने प्रवास करू नये.

टोचल्याची वेळ आणि फिरवल्याची वेळ, दोन्ही मिनिटांसकट लिहा. मधलं अंतर दोन तासांच्या आत, आणि रुग्णांचे व तुलनेतल्यांचे नमुने सारख्याच वेळात. एका गटाचे अर्ध्या तासात आणि दुसऱ्याचे चार तासांनी फिरवलेत, तर हार्ट फेल्युअरऐवजी तुमचा उशीर मोजला जाईल.

‘३००० आरपीएमला फिरवा’ असं कुणी सांगितलं तर आधी रोटरची त्रिज्या विचारा. खरं बळ म्हणजे १.११८ गुणिले त्रिज्या सेंटिमीटरमध्ये, गुणिले आरपीएमचा वर्ग, भागिले एक लाख. १५ सेंटिमीटरच्या रोटरवर ३००० आरपीएम (मिनिटाला फेरे) म्हणजे जवळजवळ १५०० जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या १५०० पट. १० सेंटिमीटरच्या छोट्या टेबलावरच्या मशिनवर तेच ३००० म्हणजे फक्त १००० जी. दोन केंद्रांनी ‘३०००’ म्हणत एकमेकांपासून निराळा प्लाझ्मा बनवलेला असतो आणि कुणाला पत्ताही नसतो.

पहिली फेरी १५०० जी, १५ मिनिटं, ब्रेक बंद ठेवून. प्लाझ्मा पिपेटने वरून घ्या आणि मधल्या पांढुरक्या थराच्या वर निदान अर्धा सेंटिमीटर सोडून द्या. हाव इथे नडते. तो शेवटचा थेंब घ्यायला गेलात की पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट सोबत येतात. मग दुसऱ्या स्वच्छ ट्यूबमध्ये २५०० जी, १५ मिनिटं (१० सेंटिमीटरच्या रोटरवर सुमारे ४७३० आरपीएम). तळातला अर्धा मिलिलिटर इथेही सोडायचा. ही दुसरी फेरी वगळली आणि प्लाझ्मा गोठवला, तर उरलेल्या प्लेटलेट वितळताना फुटतात. मग गाळण्याचा उपयोग नाही.

पायरी चौथी : पेशी फुटल्यात का?

डोळा ही पहिली चाळणी, पण डोळ्याला दिसण्याआधीच पीसीआरला कळतं. लाल पेशींत मिर-४५१ए, मिर-१६ आणि मिर-४८६-५पी ठासून भरलेले असतात. थोड्याशा पेशी फुटल्या तरी प्लाझ्मातला त्यांचा आकडा उसळतो.

स्पेक्ट्रोफोटोमीटर असेल तर ४१४ नॅनोमीटरला शोषण बघा. ०.२ च्या वर गेलं की संशय. पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका, आलेख बघा. हार्ट फेल्युअरमध्ये यकृत तुंबतं, बिलिरुबिन वाढतं आणि तेही त्या बाजूला थोडं शोषण दाखवतं. हिमोग्लोबिनचं टोक ४१४ ला टोकदार असतं, बिलिरुबिनची टेकडी ४५० च्या पुढे पसरट.

शेवटची चाचणी पीसीआरवर : मिर-२३ए-३पी च्या सीक्यूमधून (पीसीआरच्या कितव्या फेरीला तो दिसू लागला तो आकडा; आकडा लहान तेवढं प्रमाण जास्त) मिर-४५१ए चा सीक्यू वजा करा. पाचपेक्षा कमी फरक असेल तर ठीक, सातच्या वर गेला तर नमुना बाद. मिर-२३ए-३पी लाल पेशी फुटल्याने फारसा हलत नाही, म्हणून तो खुंटा.

पायरी पाचवी : गोठवणं आणि वीज

प्लाझ्मा २५० मायक्रोलिटरच्या छोट्या वाट्यांत, म्हणजे झाकणाच्या कुप्यांत, विभागून उणे ८० अंशांत. एकदा वितळलेली वाटी परत गोठवायची नाही. लेबल गोठवणीत टिकणाऱ्या कागदाचं, त्यावर नाव नाही, फक्त कोड. साध्या पेनाची शाई दमट हवेत आणि बर्फात पुसली जाते.

उणे ८० चा फ्रीझर प्रत्येक गावात नाही. उणे २० वर थोडे दिवस ठेवावं लागलं तर सगळेच नमुने सारखे दिवस ठेवा. घरगुती फ्रॉस्ट-फ्री फ्रीज मात्र नको. बर्फ साचू नये म्हणून तो स्वतःच मधूनमधून गरम होतो.

आता विजेचं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं तेव्हा श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडे कित्येक दिवस अंधार होता. २२ जुलै २०२१ ला चिपळूणला पुराचं पाणी चढलं. कोकणात फ्रीझर तळमजल्यावर ठेवणं आणि जनरेटरच्या डिझेलचा हिशेब न ठेवणं, दोन्ही चालत नाही. उणे २० च्या फ्रीझरसाठी फुकटातला पहारेकरी : वाटीभर पाणी गोठवा, त्यावर रुपयाचं नाणं ठेवा. सुट्टीवरून आल्यावर नाणं बर्फात रुतलेलं दिसलं, तर मधे वीज गेली होती आणि पाणी वितळलं होतं. शून्याखालीच झालेली तापमानवाढ मात्र या नाण्याला कळत नाही. तिच्यासाठी तापमान नोंदवणारं यंत्र हवं.

पायरी सहावी : घाटापलीकडे

बंदरावरचा बर्फ मुबलक असतो आणि थर्माकोलच्या मासळीच्या पेट्याही. पण तो बर्फ शून्य अंशांचा. गोठलेला प्लाझ्मा त्यात वितळतो. लागतो ड्राय आइस, उणे ७८.५ अंशांचा, आणि आमच्याकडे तो बाहेरून मागवावा लागतो. मागवतानाच प्रवासाचे तास मोजा आणि दीडपट मागवा. फोंडा घाटात दरड आली की सहा तासांचे दहा होतात. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक सावकाश असतं, तेही धरा. मी तर जून ते सप्टेंबर नमुने पाठवतच नाही, साठवते.

ड्राय आइसची पेटी घट्ट बंद करायची नाही, गॅस साचून फुटते. गाडीच्या काचा थोड्या उघड्या ठेवा. बंद गाडीत कार्बन डायऑक्साइड भरतो आणि ड्रायव्हरला गुंगी येते. हातमोजे जाड. पॅकिंग तिहेरी, वर जैविक नमुन्यांसाठीचं यूएन ३३७३ चं चौकोनी चिन्ह आणि ड्राय आइससाठी यूएन १८४५. पेटीत कोडची यादी, दुसरी प्रत आपल्याकडे.

पायरी सातवी : मशिन आणि आकडा

हे काम बहुधा मोठ्या लॅबमध्ये होतं, म्हणून थोडक्यात. सगळ्यांचा सारखाच प्लाझ्मा घ्यायचा, साधारण २०० मायक्रोलिटर. प्लाझ्मातून निघणारा आरएनए इतका कमी असतो की नेहमीच्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवर मोजून उपयोग नाही. आता तो कृमी : त्याचा सेल-मिर-३९ माणसात नसतो, म्हणून तो ठरावीक मात्रेत प्रत्येक नमुन्यात मिसळतात आणि शेवटी किती परत मिळाला ते बघतात. तो लायसिस बफर (एन्झाइमं निकामी करणारं द्रावण) टाकल्यानंतरच घालायचा. आधी घातला तर प्लाझ्मातली एन्झाइमं खाऊन टाकतात. रुग्ण आणि तुलनेतले एकाच दिवशी, एकाच प्लेटवर, मिसळून.

आकडा कसा वाचायचा, हे समजण्यासाठी रचलेलं उदाहरण. रुग्णात मिर-४२३-५पी चा सीक्यू २९.०, संदर्भासाठी घेतलेल्या मिर-१६ चा २४.०. फरक ५.०. तुलनेतल्या माणसात ३०.५ आणि २४.०, फरक ६.५. दोहोंत १.५ चं अंतर, म्हणजे दोनाचा १.५ वा घात, सुमारे २.८ पट जास्त. छान. आता धरा की रुग्णाच्या ट्यूबमध्ये थोड्या लाल पेशी फुटल्या आणि मिर-१६ चा सीक्यू २४.० ऐवजी २२.५ आला. फरक झाला ६.५. वाढ गायब! हृदय तेच, आजार तोच, फक्त सुईचा हिसका. म्हणून संदर्भ म्हणून एकटा मिर-१६ मला पटत नाही. दोन-तीन स्थिर मायक्रो-आरएनए मिळून संदर्भ घ्यावा. पेशींच्या कामात संदर्भ म्हणून वापरतात तो यू६ नावाचा लहान आरएनए प्लाझ्मात चालत नाही.

शेकडो मायक्रो-आरएनए एकदम तपासणाऱ्यांनी साधा हिशेब करावा : ७५० तपासले आणि ०.०५ ची (नुसत्या योगायोगाने शंभरात पाच वेळा फसण्याची) हद्द ठेवली, तर काहीच खरं नसतानाही सदतीस-अडतीस ‘लक्षणीय’ निघतील. म्हणून एका गटात सापडलेलं दुसऱ्या, वेगळ्या ठिकाणच्या गटात पडताळायचं. आणि प्रश्न ‘हार्ट फेल्युअर ओळखतो का’ एवढाच नको. एनटी-प्रोबीएनपीच्या जोडीला ठेवल्यावर त्यापेक्षा जास्त काही कळतं का, हा हवा. वीस मिनिटांत, त्या मानाने स्वस्तात मिळणाऱ्या तपासणीला मागे टाकायचं तर तेवढा दम हवा.

ते आजोबा महिन्याभराने परत आले. “माझो रिपोट खंय?” मी त्यांना एनटी-प्रोबीएनपीचा कागद दिला आणि डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांच्या मायक्रो-आरएनएच्या वाट्या तेव्हा फ्रीझरच्या तिसऱ्या कप्प्यात होत्या, घाटातला पाऊस थांबायची वाट बघत.